थांबायचं निमित्त

आपल्याकडे बांधावर किंवा टेकाडावर एकटं बसलेल्या माणसाची लगेच चौकशी होते. "काय पाव्हणं, काय हरवलंय का?" असं कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याच्या मनात वावगं काही नसतं; कामावाचून माणूस रानात बसेलच कशाला, हा त्याचा साधा हिशेब. साताऱ्याच्या घाटमाथ्यापासून सांगलीच्या जत-आटपाडीपर्यंत रान म्हणजे काम: पेरणी, भांगलण, राखण, गुरं, सरपण. त्या रानात नुसतं पाहत बसायला माणसाला कारण लागतं, आणि गळ्यात कॅमेरा असला की ते आपोआप मिळतं. "फोटो काढतोय" म्हटलं की प्रश्न मिटतो. विचारणाराही कधी कधी शेजारी टेकतो आणि "तिकडं ओढ्याला सांजच्याला लांडोरी येत्यात बघा" असं सांगून जातो.

निसर्गात फोटो काढत हिंडल्यानं मन शांत होतं, हे आता पुष्कळ जण सांगतात, आणि अनुभवानं सांगतात. मात्र ही शांतता येते कुठून, याचा विचार फारसा होत नाही. सुंदर जागा पाहिली म्हणून मन निवलं म्हणावं, तर त्याच जागी गाडीतून उतरून, पाच मिनिटांत चार फोटो काढून निघणारी माणसं जशी वैतागलेली आली तशीच परत जाताना दिसतात. फोटो चांगला आला म्हणून बरं वाटलं म्हणावं, तर एकही फोटो हाती न लागता हलकं होऊन घरी येणारेही कमी नाहीत. माझं मत असं, की कॅमेरा माणसाला एका जागी धरून ठेवतो आणि सगळा गुण त्या धरून ठेवण्यात आहे. फोटो हे थांबल्याचं फळ. मिळालं तर मिळालं.

थांबण्यासाठी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांसारखा मुलूख शोधून सापडायचा नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला निघालं तर शंभरएक किलोमीटरवर माण तालुक्यात तो पाचशेच्या घरात येऊन ठेपतो. दक्षिणेला सांगलीतही तीच तऱ्हा. शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीचं ओलं, दाट जंगल, आणि जतला बोरी-बाभळींचा उघडा माळ. मध्ये कृष्णाकाठचा ऊस, पुढे तासगावच्या द्राक्षबागा. कोयना कराडला कृष्णेला मिळते, येरळा ब्रह्मनाळला, वारणा सांगलीजवळ हरिपूरला. एका जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला धुक्यात दगडावरचं शेवाळ टिपणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी पूर्वेच्या टोकाला फुफाट्यात चंडोल शोधता येतो, आणि दोन्हीकडे एसटीनं जाता येतं.

कासचं नाव मात्र आधी घ्यावं लागतं. सातारा शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर उंचीवर हे पठार आहे. खाली जांभ्याचा सपाट कातळ, वर कुठं बोटभर तर कुठं वीतभर माती. पावसाळाभर पाणी साचून राहतं आणि मातीतलं सत्त्व धुऊन नेतं. अशा जागी मोठं झाड तग धरत नाही, म्हणून लहान फुलझाडांना मोकळं रान मिळतं. सपुष्प वनस्पतींच्या साडेआठशेच्या वर जाती इथं नोंदल्या गेल्या आहेत. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्यांत महाराष्ट्रातली चार, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पैकी पहिली तीन आपल्या या दोन जिल्ह्यांशी जोडलेली. वायतुऱ्याच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात तर 'सातारेन्सिस' म्हणून साताराच आहे. डबक्यातल्या पाण्यातून वर आलेला तिचा दुबेळक्यासारखा फुलोरा फोटोत सापडावा म्हणून माणसं पावसात ताटकळत उभी राहतात.

उभ्यानं पाहिलं तर ऑगस्टच्या अखेरीला पठारावर नुसता निळा-जांभळा रंग दिसतो. त्यात 'सीतेची आसवं' आहेत हे कळायला गुडघे टेकावे लागतात. आणि फूल नीट टिपायचं तर पायवाटेकडेच्या उघड्या कातळावर पोटावर झोपावं लागतं. फूल नखाएवढं. वरची पाकळी आखूड, खालची पसरट, मधोमध फिकट डाग आणि मागून खाली वळलेली निमुळती नळी. या वनस्पतीला मुळं नसतात. जमिनीखालच्या ओलीत बारीक तंतूंवर टाचणीच्या डोक्याएवढ्या किंवा त्याहूनही लहान पिशव्या असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडावरच्या केसांना लागला की दार आतल्या बाजूला उघडतं आणि पाण्यासकट तो जीव आत ओढला जातो. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी. मातीत नायट्रोजन पुरेसा नाही, तेव्हा पोट भरायला झाडानं हा मार्ग काढला. शेजारी दवबिंदूची, म्हणजे ड्रोसेराची, तांबूस पानं चिकट थेंब घेऊन उभी असतात. त्यातल्या एखाद्या थेंबात अडकलेलं चिलट अजून पाय हलवताना दिसतं. आणि हे सगळं तळहाताएवढ्या जागेत चाललेलं असतं.

इतक्या जवळून फोटो घेताना लेन्सच्या समोरचा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीचा पदर स्पष्ट येतो. त्याच्या पुढचं आणि मागचं धूसर. वाऱ्याची झुळूक आली की फूल त्या पदरातून बाहेर जातं. मग थांबावं लागतं. वाऱ्यालाही लय असते: झुळूक येते, ओसरते, आणि पुढची येण्याआधी थोडी फट मिळते. ती ओळखायला वेळ लागतो. दुसरी अडचण स्वतःच्या श्वासाची. श्वास घेताना छाती कातळावरून उचलली जाते आणि कॅमेरा हलतो. म्हणून श्वास सावकाश सोडायचा, सोडून झाला की क्षणभर तसंच राहायचं आणि त्या क्षणात बटण दाबायचं. उच्छ्वास लांबवला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे शरीरशास्त्राला ठाऊक आहे. प्राणायाम शिकवणारे जे वारंवार बजावतात, ते इथं एक फूल न सांगता करून घेतं. अर्ध्या तासानं उठावं तर कोपरं भिजलेली, शर्टाला तांबडी माती लागलेली आणि घरून निघताना डोक्यात गरगरणारं हप्त्याचं, कोर्टाचं किंवा साहेबाच्या बोलण्याचं प्रकरण नेमकं कुठवर आलं होतं, ते आठवावं लागतं.

हे का होतं, याचा अभ्यासही झाला आहे. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लक्ष देण्याचे दोन प्रकार मांडले. एक मुद्दाम ताणून दिलेलं लक्ष: हिशेब, वाहतूक, परीक्षेचा पेपर. ते वापरून थकतं, आणि थकलं की माणूस चिडचिडा होतो. दुसरं आपोआप जाणारं लक्ष: पाण्यावरचे तरंग, ढग, पानांची हालचाल. हे चालू असताना पहिल्याला विसावा मिळतो. त्याआधी १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासून दाखवलं होतं, की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकंही कमी लागली. खिडकीतल्या झाडानं एवढं होत असेल, तर झाडाखाली तासभर बसल्यानं काय होईल याची कल्पना करता येते.

कॅमेऱ्याबद्दलचं संशोधन मात्र दोन्ही बाजूंनी बोलतं, आणि मला ते अधिक मोलाचं वाटतं. लिंडा हेन्केल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संग्रहालयात आलेल्यांना काही वस्तू नुसत्या पाहायला आणि काहींचे फोटो काढायला सांगितलं. फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. जणू आठवण ठेवायचं काम त्यांनी कॅमेऱ्याकडे सोपवून टाकलं. पण ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो घेतला, त्यांची आठवण शाबूत राहिली. फोटोत न आलेला भागसुद्धा त्यांच्या लक्षात होता. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नाही, कॅमेऱ्यामागच्या घाईचा आहे. कासच्या रस्त्यावर उभं राहून सगळं पठार एका चौकटीत कोंबणाऱ्याला घरी गेल्यावर फार तर जांभळा रंग आठवेल. एका फुलापाशी बसलेल्याला पठार आठवतं.

आणखी एका संशोधकगटानं २०१७ साली असं दाखवलं, की आपणहून फोटो काढणाऱ्यांना पाहिलेलं अधिक चांगलं आठवतं, पण ऐकलेलं कमी आठवतं. हे वाचल्यावर मला सांगलीच्या शरद आपट्यांची आठवण झाली. पक्ष्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं आहे, आणि पक्षी कानानं ओळखण्याकडे अनेकांना वळवलं आहे. आवाज मुद्रित करणाऱ्याला हलता येत नाही, बोलता येत नाही, जॅकेटची चेनसुद्धा ओढता येत नाही. फोटोग्राफरानं त्यांच्यापासून घेण्यासारखं खूप आहे. कॅमेरा पिशवीतून काढण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नुसतं ऐकावं. चांदोलीच्या ओढ्याकाठी पावसाळ्याच्या तोंडाला शीळकरी कस्तुराची शीळ सुरू होते. पाण्याच्या खळखळाटावर मात करून ती चढत जाते, मध्येच सूर सोडून भलतीकडे वळते. तो पक्षी निळसर काळा, अंधाऱ्या कपारीतला. त्याचा फोटो क्वचितच मनासारखा येतो. ऐकलेलं मात्र पुरतं.

पाहण्याची ही परंपरा आपल्या भागाला नवी नाही. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे, जन्म १९२७चा. सांगली जिल्ह्याच्या या कोरड्या टोकाला जन्मलेल्या माणसानं मराठीला रानाचं सर्वांत बारीक निरीक्षण दिलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हिरवंगार भवताल ज्याला आयतं मिळतं त्याची नजर सैलावू शकते. माणदेशात एक लाव्हा, एक होला, एक घोरपड दिसायची तर डोळा तयार ठेवावा लागतो. तरुणपणी त्यांना शिकारीचा नाद होता. पुढं हातातली बंदूक गेली आणि दुर्बीण, वही आणि पेन्सिल राहिली. नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन ते राहिले, त्यावर पुस्तक लिहिलं. वानरांच्या टोळ्यांवरच्या 'सत्तांतर'ला १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'जनावनातली रेखाटणे' या पुस्तकात त्यांची चित्रं आहेत. रेखाटन करणाऱ्याला एका जनावराकडे पुन्हा पुन्हा पाहावं लागतं: मान कुठून वळते, वजन कोणत्या पायावर आहे. कॅमेरा हे काम एका क्षणात करतो, आणि म्हणूनच पाहायचं राहून जाण्याची भीती असते. माडगूळकरांची रेखाटनं समोर ठेवून मग आपले फोटो पाहावेत, असं मी नव्यानं फोटो काढू लागलेल्यांना नेहमी सांगतो.

योगायोग असा, की त्याच १९२७ साली एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या इंग्रज वनाधिकाऱ्याचं हिंदुस्थानातल्या वाघांच्या छायाचित्रांचं पुस्तक निघालं. जनावराच्या वाटेवर तार लावायची, तिला पाय लागला की फ्लॅशचा उजेड पडून फोटो निघायचा, अशी त्याची रीत. वाघ मारून त्याच्यावर पाय ठेवून फोटो काढायच्या त्या काळात, जिवंत वाघ टिपणं हेच जास्त कठीण आणि जास्त आनंदाचं आहे असं तो सांगत होता. आज सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघाची नोंद ठेवणारे कॅमेरे झाडांना बांधलेले असतात, त्यांची मूळ कल्पना हीच.

एक गैरसमज इथंच दूर केलेला बरा. निसर्ग शांत असतो, म्हणून त्याच्याजवळ गेलं की आपण शांत होतो, असं काही जण लिहितात. सांगलीकराला हे पटायचं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, २००५ चा महापूरही मागं पडला. पाणी घरात आलं, दुकानात आलं, गोठ्यातली जनावरं गेली. पुन्हा २०२१ मध्ये तोच प्रसंग. साताऱ्याकडे ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप अजून जुनी माणसं विसरलेली नाहीत. ज्यांनी हे सोसलं त्यांना नदी किंवा डोंगर म्हणजे मन रमवायची जागा, असं सांगणं बरं नव्हे.

तरीही नदीकडं परत जावं लागतं, कारण ती दारातच आहे. हिवाळ्यात १९२९ सालच्या त्या आयर्विन पुलाखाली सकाळी उभं राहिलं तर कवड्या धीवर पाण्यावर एका जागी पंख फडफडवत तरंगताना दिसतो. काळा-पांढरा, चोच सरळ खाली. डोकं असं स्थिर, की हलतंय ते फक्त शरीर असं वाटावं. मग एकदम सूर मारतो. बहुतेक वेळा रिकाम्या चोचीनंच वर येतो, अंग झटकतो आणि पुन्हा तिथंच. त्याचा सूर टिपायचा तर एका सेकंदाचा दोन हजारावा भाग एवढा वेग कॅमेऱ्याला द्यावा लागतो आणि तो कधी खाली येईल ते आधी ओळखावं लागतं. असं तासभर त्याच्याकडं पाहणाऱ्या माणसाची नजर पुराच्या खुणेवरून काही काळ तरी हटते. पूर विसरला जात नाही, विसरूही नये. पण ज्या पाण्याची फक्त भीती उरली होती, त्याच्याशी दुसरंही काही नातं आहे हे हळूहळू आठवतं. पलूस तालुक्यात भिलवडी-औदुंबरच्या बाजूला थंडीत मळीच्या काठावर मगरी उन्हाला पडतात. तिथं फोटो लांबूनच, पलीकडच्या काठावरून घ्यायचा. धुणं धुवायला, मोटर सुरू करायला रोज पाण्याशी जाणाऱ्या माणसांना ती मगर कशी दिसते, हेही त्यांच्याकडून ऐकून घ्यायचं.

शांततेची किंमत कुणी दिली, हा प्रश्नही इथं टाळता येत नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा बामणोलीहून घेतलेला फोटो आपण भिंतीवर लावतो. निळं पाणी, मागं वासोट्याचा डोंगर, कुठं माणूस नाही. माणूस नाही, कारण पाण्याखाली गावं आहेत. धरणानं आणि पुढं अभयारण्यांनी उठवलेली माणसं दूरदूर वसवली गेली. चांदोलीच्या जंगलातही उठलेल्या गावांचे चौथरे, पायऱ्यापायऱ्यांची जुनी शेतं, देवळापुढचे वीरगळ आणि कुणीतरी लावलेले आंबे आहेत. फोटो काढणाऱ्यानं ते चौकटीतून वगळू नयेत. निर्मनुष्य रान दाखवायच्या नादात हे चौथरे कापून टाकले, तर फोटो अर्धा खोटा होतो.

याच्या अगदी उलट गोष्ट सागरेश्वरची. कडेगाव, पलूस आणि वाळवा तालुक्यांच्या सीमेवरचे हे डोंगर उघडेबोडके होते. धों. म. मोहिते, सगळ्यांचे अण्णा, यांनी तिथं झाडं लावायचं मनावर घेतलं, लोकांना आणि सरकारला मागं लागून कामाला लावलं, आणि १९८५ मध्ये तिथं अभयारण्य झालं. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं, माणसांनी उभं केलेलं. सांबरं, चितळ, काळवीट आता तिथं मोकळे हिंडतात. माथ्यावरून खाली पाहिलं तर कृष्णेची वळणं, उसाचे फड, साखर कारखान्याचं धुराडं एकाच नजरेत येतं. चितळाचा फोटो कान्हा-ताडोबात अधिक देखणा मिळेल. पण या चितळाच्या मागचं झाड कुणीतरी खांद्यावरून पाणी आणून जगवलंय, हे कळल्यावर त्याच्याकडं पाहण्यात जे समाधान आहे ते दुसरीकडं मिळत नाही. मनाला उभारी हवी असलेल्या कुणालाही मी कासच्या आधी सागरेश्वरला जा असं सांगेन.

पूर्वेकडच्या तलावांवरही माझा असाच जीव आहे. खटाव तालुक्यातलं मायणी आणि येरळवाडी हिवाळी पाहुण्यांसाठी जुनं प्रसिद्ध. रोहित येतात ते उथळ पाण्यात, कारण त्यांना चिखलात उभं राहून चोच उलटी धरून पाणी गाळून खायचं असतं. त्यामुळं पाऊस फार चांगला झाला आणि तलाव काठोकाठ भरला, तर पक्षी बघणाऱ्याला वाट पाहावी लागते. अजिबात झाला नाही, तर पुढल्या वर्षाची वाट पाहावी लागते. दुष्काळी भागातला माणूस ज्या पावसाकडे डोळे लावून बसतो त्याच्याशीच या पक्ष्यांचं येणं बांधलेलं आहे. पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंसासारखा पक्षी, हिमालय ओलांडून येतो. पहाटे काठच्या बाभळीआड अंगावर घोंगडी घेऊन बसावं. उजाडताना आधी त्यांचा गलका कानावर येतो, मग करड्या पाण्यावर करडे आकार दिसू लागतात. उन्हाची तिरीप आली की पट्टे दिसतात. एक पुढं झालं, डोकं उंचावून घशातून आवाज काढला, की थव्यातली सगळी डोकी एका दिशेला वळतात. आता ते उडणार. त्यांचं असं ठरताना पाहायला मिळालं, तर फोटो आला काय आणि न आला काय.

हे सगळं चांगलं झालं. पण कॅमेरा शांतता मोडतोही, माणसाची आणि रानाचीही. कासला फुलांच्या हंगामात फुलांमध्ये लोळून फोटो काढणारे आले, तेव्हा वनखात्याला आणि आजूबाजूच्या गावांतल्या समित्यांना शुल्क, आगाऊ नोंदणी, रोजची मर्यादा असे नियम आणावे लागले. बोटभर मातीवर एकदा टाच पडली की पुढच्या वर्षी तिथं काय उगवेल ते सांगता येत नाही. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. तिचं झुडूप तुडवणाऱ्यानं एका दिवसाच्या फोटोसाठी सात वर्षं खर्ची घातलेली असतात. घरट्याजवळ ठाण मांडलं तर आईबाप दूर राहतात, अंडी उन्हात तापतात, कावळ्याला जागा कळते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलावणं ही तर सरळ फसवणूक. प्रतिस्पर्धी आला असं समजून तो खाणंपिणं सोडून भांडायला येतो. ज्याच्यापासून शांतता घ्यायची त्यालाच अस्वस्थ करून मिळवलेला फोटो मला कितीही देखणा असला तरी पाहवत नाही. बऱ्याच स्पर्धांनी घरट्यांचे फोटो घेणं बंद केलं, हे योग्यच झालं.

कॅमेरा कोणता घ्यावा, हे मला सर्वांत जास्त विचारलं जातं आणि सर्वांत कमी महत्त्वाचं वाटतं. हातात आहे तो मोबाइल पुरतो. फूल, कीटक, कोळ्याचं जाळं, शेवाळ, झाडाची साल यांना तो उत्तम. पक्ष्यांना लांब पल्ल्याची लेन्स लागते, ती महाग असते, आणि ती घेण्यासाठी कर्ज काढून मनःशांती मिळवायला निघण्यात अर्थ नाही. श्रीकांत इंगळहळीकर हे पुण्याचे अभियंते. सह्याद्रीतल्या फुलांचे फोटो काढत ते इतके रमले, की २००१ साली आलेलं त्यांचं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' आज वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थीही वापरतात. कासच्या कुठल्याही हंगामात कुणाच्या तरी पिशवीत ते दिसतं. एका माणसाचं थांबणं हजारोंच्या उपयोगी पडलं, ते कॅमेऱ्याच्या किमतीमुळं नव्हे. रोज एकच झाड, एकच विहीर किंवा शाळेच्या वाटेवरचा एकच ओढा वर्षभर टिपत राहणाऱ्याला पठारं आणि अभयारण्यं पाहून आलेल्यापेक्षा जास्त काही गवसतं, असं मी पाहिलं आहे.

आणि मनाचा आजार खरोखरच जडलेला असेल, झोप उडालेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टरकडं जावं. रानात हिंडणं औषधाच्या बरोबरीनं चालू शकतं, औषधाच्या जागी नाही. एकटं जाण्यापेक्षा कुणाला तरी बरोबर घेऊन जावं; दोघांनी न बोलता शेजारी बसणं हीसुद्धा सोबतच असते.

पुढच्या पानांतल्या फोटोंत कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती आहेत, काही आमरी आहेत, गरुड आहे, माळावरच्या लांडग्यांचा वावर आहे. त्या फोटोंखाली तालुक्याचंही नाव दिलेलं नाही, ते मुद्दाम. कंदीलपुष्पाचे कंद खणून नेणारे आहेत, आणि एका ठिकाणाचा पत्ता फुटला की पुढच्या रविवारी तिथं गाड्यांची रांग लागते. ज्यांना ही फुलं पाहायचीच आहेत त्यांनी पावसाळा सरताना आपल्या जवळच्या पठारावर जावं, तिथल्या एखाद्या गुराख्याला विचारावं आणि तो नेईल त्या वाटेनं, त्याच्या मागून चालावं.